नंदिगड्ड्याचा पाला आणि आईचा गुडघा

आईच्या रक्ताचा रिपोर्ट आला आणि आमच्या घरातली एक डबी कायमची बंद झाली. फ्रिजवर ठेवलेली, पांढऱ्या झाकणाची, गुडघेदुखीच्या गोळ्यांची डबी. आई बहात्तर वर्षांची. गेली चार वर्षं ती रोज एक, थंडीत कधी दोन गोळ्या घ्यायची. क्रिएटिनिन १.२ वरून १.६ वर गेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, "या गोळ्या आजपासून बंद. अगदीच सहन झालं नाही तर पॅरासिटामॉल, तेही मापात."

आईने मान डोलावली आणि घरी येऊन जाहीर केलं, "मी नंदिगड्ड्याला जाणार. लिंगडाचा शेक घेणार."

माझी लेक बेळगावात बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "आजी, पुरावा काय?"

"माझ्या आईचा गुडघा," आई म्हणाली.

"एक गुडघा म्हणजे पुरावा नव्हे."

"मग दोन धर. तिचे दोन्ही दुखायचे."

डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही तिघी निघालो, ती अशी. आईचा हट्ट पुरवायला मी, आणि आईला खोटं पाडायला लेक.

नंदिगड्डे हे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यातलं गाव. मराठी कानाला 'गड्डे' म्हटलं की कांद्या-लसणाचे गड्डे आठवतात. कन्नडमध्ये 'गद्दे' म्हणजे भातशेत. तिथे दोन्ही दिसतं. झाडीच्या मधोमध भाताची खाचरं, आणि घराघराच्या परसात करांदे, सुरण, काटेकणंग, अळूचे मोठाले कंद. या तालुक्यातल्या कुणबी लोकांनी कंदांची ही शेती पिढ्यान् पिढ्या जपली आहे. हिवाळ्यात जोयड्याला कंदांचा मेळाही भरतो.

हा सगळा मुलूख १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. सरकारी कागद कन्नड झाले, माणसांच्या जिभा मात्र आपापल्या जागी राहिल्या. कुणब्यांची कोकणी, धनगर गवळ्यांची मराठी, सुपारीच्या बागा करणाऱ्या हव्यकांची कन्नड. बाजारात एकच माणूस तीन वाक्यं तीन भाषांत बोलतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

आईचे वडील लाकडाच्या डेपोत कारकून होते. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत ती या भागात वाढली. दांडेली मागे टाकून झाडी दाट झाली तशी ती खिडकीला नाक लावून बसली. "सुप्याचा बाजार कुठे गेला?" तिने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. काळी नदीवर सुपा धरण झालं आणि जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं. पूर्वी तालुक्याचं नावही सुपाच होतं. आता तालुक्याचं ठाणं जोयड्याला आहे. काळी नदी याच तालुक्यात दिग्गीजवळ उगम पावते आणि कारवारला समुद्राला मिळते. आजूबाजूचं बरंचसं जंगल काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतं. रस्त्याकडेला वाघाच्या पाट्या दिसतात. आम्हाला वाघ नाही, माकडं आणि एक उद्धट गवा दिसला.

आईची बालमैत्रीण अजून नंदिगड्ड्यात राहते. कुणब्यांचं घर, शेणाने सारवलेलं अंगण, एका बाजूला उकडलेली सुपारी वाळत घातलेली. ती आईपेक्षा पाचेक वर्षांनी मोठी, पण चालताना आईच्या पुढे. दोघी एकमेकींना बघून आधी काहीच बोलल्या नाहीत. मग ती आईच्या पायांकडे बघून म्हणाली, "काय गे, लंगडतेस?" बेचाळीस वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणीचं पहिलं वाक्य.

लिंगड म्हणजे आपली निर्गुंडी. कन्नडमध्ये लक्की किंवा नेक्की. शास्त्रीय नाव व्हायटेक्स नेगुंडो. एका देठाला तीन किंवा पाच पानं, वरून हिरवी, खालून पांढुरकी, आणि चुरडली की नाकात शिरणारा उग्र वास. गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला चांगली. धान्याला कीड लागू नये म्हणून कणगीतही तिचा पाला घालतात. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात तो घालण्याची रीत तर आपल्याकडे अनेक घरांत आहे. आयुर्वेदात निर्गुंडीचं तेल सांधेदुखीसाठी प्रसिद्ध आहे.

"ही तर आपल्या शेजारच्या बागेच्या कुंपणालाही आहे!" लेक म्हणाली. "मग दीडशे किलोमीटर कशाला आलो?"

ते आम्हाला संध्याकाळी कळलं. आजीने (लेकीबरोबर मीही तिला आजीच म्हणू लागले) ओढ्याकाठचा पाला आणला. कोवळे शेंडे बाजूला काढले, जून पानंच घेतली. लोखंडी तव्यावर थेंबभर तेलात ती मऊ होईपर्यंत परतली, जाड सुती फडक्यात पुरचुंडी बांधली आणि आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघितली. मग आईच्या गुडघ्याला. गार झाली की पुन्हा तव्यावर. असं अर्धा तास.

मग तिने नियम सांगितले. जखमेवर नाही. गुडघा लाल, गरम होऊन सुजला आणि अंगात ताप असेल तर पाला नाही, दवाखाना. पडून मार लागला आणि पाय टेकवत नसेल तर पाला नाही, दवाखाना. ज्याला पायाला चटका कळत नाही, अशा साखरेच्या माणसाला गरम पुरचुंडी मुळीच नाही. लेकीने वहीत हे सगळं उतरवून घेतलं. पुरावा मागणारी पोर पहिल्यांदा गप्प झाली होती. आजीकडे नुसतं औषध नव्हतं. ते कधी द्यायचं नाही, हेही तिच्याकडे होतं.

रात्री जेवणानंतर अंगणात शेकोटी पेटली आणि लेकीची पाळी आली. निर्गुंडीची परीक्षा प्रयोगशाळेत कशी झाली, ते ती सांगू लागली. आई आणि आजी दोघी ऐकत होत्या, मी दोन्हीकडचे शब्द समजावत होते.

सूज कमी करणाऱ्या औषधांची सगळ्यांत प्रसिद्ध चाचणी १९६२ सालची. कॅराजीनन नावाचा पदार्थ लाल समुद्री शेवाळातून काढतात. तो पांढऱ्या उंदराच्या मागच्या पंज्यात टोचला की तीन-चार तासांत पंजा सुजतो. पंजा द्रवात बुडवून किती द्रव वर सरकतो त्यावरून सूज मोजतात. उंदरांचे गट करतात. एकाला नुसतं पाणी, एकाला तपासायचा अर्क, एकाला डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिनसारखं ओळखीचं औषध. तिन्ही गटांच्या सुजेची तुलना केली की अर्काची लायकी कळते. वेदनेसाठी वेगळ्या चाचण्या असतात. गरम पत्र्यावर ठेवलेला उंदीर किती सेकंदांनी पाय चाटतो, फॉर्मालिन टोचलेला पंजा तो किती वेळ चाटत बसतो, वगैरे.

"बिचारा," आजी म्हणाली. मग थोडं थांबून, "उंदराचा गुडघा म्हातारपणाने दुखतो का?"

लेक हसली, पण प्रश्न नेमका होता. टोचून आणलेली चार तासांची सूज वेगळी, आणि सत्तर वर्षं वापरून झिजलेला सांधा वेगळा.

लेकीने पुढे सांगितलं. २००३ साली श्रीलंकेतल्या संशोधकांनी निर्गुंडीच्या ताज्या, जून पानांचा पाण्यात काढलेला अर्क उंदरांना पाजला. सूज उतरली, फॉर्मालिनच्या चाचणीत वेदनाही कमी दिसली. अर्क शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होण्याला अडथळा करतो, असंही त्यांना आढळलं.

"जून पानं," आजीने फक्त एवढंच म्हटलं आणि आईकडे बघितलं. मग पुढचा प्रश्न टाकला. "त्यांनी पाजलं ना? मी तर बांधते."

लेकीकडे याला उत्तर नव्हतं. पोटात घेतलेल्या अर्काची चाचणी ही बांधलेल्या पाल्याची चाचणी होत नाही. शिवाय उंदरांना दिलेली मात्रा किलो वजनामागे ग्रॅममध्ये होती. गोळीचं औषध आपण मिलिग्रॅममध्ये मोजतो. वजनाचा सरळ गुणाकार माणसाला लागू होत नाही हे खरं, पण चमचाभर काढ्याने तेवढा गुण येईल असंही या चाचणीवरून म्हणता येत नाही.

प्रोस्टाग्लँडिन या शब्दाशी आईच्या बंद झालेल्या डबीचंही नातं आहे. विलोच्या सालीचा उपयोग ताप आणि दुखण्यासाठी लोक फार पूर्वीपासून करत. त्या वाटेने पुढे ॲस्पिरिन आलं. पण ते काम कसं करतं हे १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनणं रोखतं. त्यासाठी त्यांना १९८२ मध्ये नोबेल मिळालं. हीच द्रव्यं सांध्यात सूज आणि वेदना वाढवतात, पण जठराच्या अस्तराचं रक्षणही करतात आणि गरजेच्या वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणून वेदनाशामक गोळी गुडघ्याला सुख देते आणि वर्षानुवर्षं घेतली तर पोटाचा, मूत्रपिंडाचा घास घेऊ शकते.

"मग तुझा पाला पोटात घेतला आणि तोही तेच करत असला तर?" मी विचारलं.

"म्हणूनच आजीला काढा नको," लेक म्हणाली. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नकोच." आमच्या घरातली पहिली गोष्ट, जिच्यावर आजी आणि नात यांचं एकमत झालं.

हे एकमत होण्यामागे आणखी एक कारण होतं. आमच्या एका काकांनी दोन वर्षांपूर्वी गुडघ्यासाठी 'शंभर टक्के जडीबुटी' म्हणून एक पावडर घेतली. आठ दिवसांत ते जिने चढू लागले. तीन महिन्यांत चेहरा सुजला, साखर तीनशेच्या पुढे गेली. पावडर तपासायला दिली तेव्हा तिच्यात स्टेरॉइड निघालं. ते एकदम बंदही करता येत नव्हतं, डॉक्टरांनी हळूहळू कमी करत आणलं. तेव्हापासून जादूसारखा गुण येणाऱ्या पुडीला आम्ही घाबरतो. पाला निदान डोळ्यांसमोर तोडलेला असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने प्रस्ताव मांडला. आपणच चाचणी करू. उंदीर नको, आजीचा गुडघा. बारा दिवस, सहा दिवस निर्गुंडी आणि सहा दिवस आंब्याची पानं. कोणत्या दिवशी काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं आणि चिठ्ठी फक्त लेकीने बघायची. फडकं तेच, तेल तेवढंच, वेळ अर्धा तास. शेकण्याआधी आणि नंतर आईने शून्य ते दहामध्ये दुखण्याला आकडा द्यायचा. आईला हा खेळ फार आवडला. आजी म्हणाली, "आंब्याच्या पानाने काय होणार?" तिला उत्तर आधीच माहीत होतं, आणि नेमकं तेच तपासायचं होतं.

चार दिवस नंदिगड्ड्यात झाले, उरलेले आठ बेळगावात, शेजारच्या कुंपणाच्या पाल्यावर. वही माझ्यासमोर आहे. निर्गुंडीच्या सहा दिवसांत दुखणं उतरलं ते ३, २, ३, ४, २, ३ अंकांनी. आंब्याच्या सहा दिवसांत २, २, ३, १, २, २. म्हणजे एकूण सतरा विरुद्ध बारा.

आई खूश. "बघ, जिंकला माझा पाला!"

लेकीने पाणी ओतलं. एक, दिवसामागे फरक एका अंकाहूनही कमी. एवढा फरक योगायोगानेही पडतो. एका माणसावर, बारा दिवसांत, निकाल लागत नाही. दोन, तिने रोज आईला विचारलं होतं, "आज कोणता पाला असेल?" आईने बारापैकी नऊ वेळा बरोबर ओळखलं. वासाने. गुणाची खात्री असलेल्या माणसाला आपण काय बांधलंय हे कळलं की त्याचा आकडा खालीच येणार. तीन, आंब्याच्या पानानेही दुखणं रोज उतरलंच. म्हणजे बराच गुण नुसत्या शेकाचा.

"आणि चार," मी म्हणाले, "रोज अर्धा तास कोणीतरी जवळ बसून गुडघा धरून होतं."

लेकीने ते वहीत लिहिलं नाही. पण खोडूनही काढलं नाही.

आईने या सगळ्यातून आपला निष्कर्ष काढला तो मला अजून पटतो. "शेकाला गुण आहे. पाल्याला असला तर थोडा. गोळीला होता तेवढा नाही. पण गोळी नको आहे ना आपल्याला?" त्या बारा दिवसांत तिने पॅरासिटामॉलच्या दोनच गोळ्या घेतल्या. पुढे फिजिओथेरपिस्टने मांडीचे व्यायाम सुरू केले, तेही ती शेकानंतर करते, कारण तेव्हा गुडघा वळतो. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन १.४ आलं. ते पाल्यामुळे नाही, गोळ्या बंद झाल्यामुळे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण गोळ्या बंद ठेवायला आईला हातात काहीतरी हवं होतं. ते पाल्याने दिलं.

निर्गुंडीवर जगात काम झालेलं नाही असं नाही. फिलिपीन्समध्ये हिला लागुंडी म्हणतात. तिथे खोकल्यासाठी तिच्या गोळ्या आणि सिरप औषधाच्या दुकानात मिळतं. झाड तेच, पण तिथे परीक्षा वेगळ्या दुखण्यासाठी झाली. आणि आपल्या जवळची गोष्ट सांगायची तर बेळगावातच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक चिकित्सा संस्था आहे, २००६ साली प्रादेशिक केंद्र म्हणून सुरू झालेली. कर्नाटकातल्या कुणबी समाजाच्या वनस्पतीज्ञानावर २००२ सालीच 'फिटोटेरापिया' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात शोधनिबंध आला होता. त्याच साली जैवविविधता कायदा झाला. असं ज्ञान गावपातळीवरच्या नोंदवहीत लिहून ठेवावं आणि त्यातून कोणी नफा कमावला तर वाटा त्या लोकांनाही मिळावा, अशी सोय त्यात आहे.

नोंद करताना काय नोंदायचं, हे मला आजीने शिकवलं. चीनच्या तू यूयू यांनी मलेरियावरचं आर्टेमिसिनीन शोधलं, त्याला २०१५ मध्ये नोबेल मिळालं. झाड सगळ्यांना माहीत होतं, पण उकळलेल्या अर्कात गुण टिकत नव्हता. जुन्या ग्रंथात पाला पाण्यात भिजवून पिळायला सांगितलं होतं, उकळायला नव्हे. त्या एका तपशिलाने वाट दाखवली. 'जून पानं घ्या' हे आजीचं वाक्य तसंच आहे. यादीत नुसतं 'निर्गुंडी – सांधेदुखी' लिहिलं की ते गळून जातं. आणि 'लाल, गरम सूज असेल तर दवाखाना' हे तर नक्कीच गळतं.

तुमच्या घरीही कोणाच्या तरी आजीचा असा एखादा पाला असेल. तिला विचारा. कोणतं पान, केव्हा तोडलेलं, कसं दिलेलं, आणि कोणाला द्यायचं नाही. उत्तरं लिहून ठेवा. नंतर शंका घ्या, जरूर घ्या. पण आधी लिहून ठेवा. आजीच्या घरातली पुढची पिढी नोकरीसाठी गोव्याला आणि हुबळीला आहे. सुट्टीत आलेल्या तिच्या नातवाला ओढ्याकाठची निर्गुंडी ओळखता आली नाही. ती त्याने माझ्या लेकीकडून ओळखून घेतली, हे आजीने कौतुकाने सांगितलं की खेदाने, ते मला कळलं नाही.

जोयड्याला जायचं तर डिसेंबर-जानेवारी बरा. पावसाळ्यात जळवा आणि धुकं दोन्ही असतं. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून फांदीसुद्धा तोडून आणू नका. आमची फांदी आजीने स्वतःच्या परसातली दिली, वीतभर लांबीची, ओल्या फडक्यात गुंडाळून. निर्गुंडी फांदीने लागते. आता ती आमच्या गॅलरीत कुंडीत आहे, तिला नवी पानं फुटली आहेत. आई रोज पाणी घालते. अजून तोडू देत नाही.

"कोवळी आहेत," म्हणते. "जून होऊ देत."